पेट्रोल १०३ रुपये, बजेट अडीच लाख

आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरलं त्या रात्री नवरा मोबाइलवर गाड्यांचे फोटो बघत बसला आणि मी वही उघडली. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते, त्यामुळे सवयच तशी. "गाडी घेतेयस की टेंडर काढतेयस?" म्हणाला. म्हणू दे. ती वही पुढे महिनाभर माझ्या पर्समध्ये होती, आणि आता कुणी विचारलं की तिच्यातलंच वाचून दाखवते.

आम्ही कळव्याला, खारीगावात राहतो. मी रोज ट्रेननेच जाते, कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे. गाडी हवी होती आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. आठवड्यातून दोनदा नौपाड्यात फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि भर पावसात खारीगावातून नौपाड्याला यायला रिक्षावाला राजी होणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखं. बजेट अडीच लाख, ताणून पावणेतीन. ही गोष्ट २०२५ च्या ऑगस्टमधली. तेव्हा पेट्रोल एकशे साडेतीनच्या आसपास होतं, डिझेल नव्वदच्या आणि सीएनजी ऐंशीच्या.

पेट्रोल महाग झालं की सगळ्यांना एकच गाडी हवी असते: पांढरी, फर्स्ट ओनर, सीएनजीची वॅगनार. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि पाच हजार रुपये घालवून बसलो. ते पुढे सांगते.

आधी आपले किलोमीटर मोजा

"ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न आपण विकणाऱ्याला विचारतो. त्याच्याआधी स्वतःला विचारायचं: महिन्याला आपलं रनिंग किती होणार? नवरा छातीठोकपणे म्हणाला, "हजार तरी." मी मांडून बघितलं. नौपाडा जाऊन-येऊन १२ किलोमीटर, महिन्यातून आठ वेळा, म्हणजे शंभर धरा. महिनाअखेरीला मला उशीर होतो, ते आठ दिवस गाडीने ऑफिस, रोजचे २२, म्हणजे १७६. डोंबिवलीची मावशी, बाजारहाट, लग्नकार्यं मिळून आणखी शंभर. जुन्नरला गावी दोन महिन्यांतून एकदा, माळशेजमार्गे जाऊन-येऊन तीनशे, म्हणजे महिन्याला दीडशे. बेरीज ५२६. हजाराच्या जेमतेम निम्मं.

या एका आकड्याने आमची सगळी यादीच बदलली.

आमच्या बजेटच्या टप्प्यात तेव्हा साधारण सारख्याच वयाची पेट्रोल आणि सीएनजी वॅगनार बघितली, तर दोघींच्या मागणीत ८५ हजारांचा फरक होता. पेट्रोल गाडी आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये १५ देईल असं धरलं, तर ५२५ किलोमीटरला ३५ लिटर, म्हणजे ३,६२२ रुपये. सीएनजी किलोला २३ देईल असं धरलं, तर पावणेतेवीस किलो, म्हणजे १,८२५ च्या आसपास. महिन्याला अठराशे रुपये वाचतात. ८५ हजार भरून निघायला ४७ महिने. जवळजवळ चार वर्षं आपण आधीच दिलेले पैसे परत मिळवत बसणार, आणि तोवर ती गाडी बारा-तेरा वर्षांची होणार.

तेच तुमचं रनिंग महिन्याला १,२०० असेल, म्हणजे घोडबंदर रोडवरून रोज ऐरोली किंवा महापे करत असाल, तर फरक महिन्याला चार हजारांच्या वर जातो आणि तेच ८५ हजार एकवीस महिन्यांत सुटतात. अशा माणसाने सीएनजीच घ्यावी, दुसरं बघूही नये. शेजारच्याने सीएनजी घेतली म्हणून आपणही घ्यायची, हे मात्र खिशाला परवडणारं नाही.

ॲव्हरेजचंही तसंच. १५ देणारी आणि १८ देणारी गाडी यांच्यात आमच्या रनिंगला महिन्याला सहाशे रुपयांचा फरक पडतो, वर्षाला सात हजार. गाडी चार वर्षं ठेवणार असू तर त्या तीन किलोमीटरसाठी पंचवीस-अठ्ठावीस हजारांपेक्षा एक रुपया जास्त देण्यात अर्थ नाही. लोक ऐंशी-नव्वद हजार जास्त मोजतात आणि वर सांगतात की पेट्रोल वाचवलं.

डिझेलबद्दल थोडक्यात: आमच्यासारख्या रनिंगला नकोच. भावातला फरक तेरा-चौदा रुपयांचा, आणि इंजेक्टर किंवा टर्बोने मान टाकली की सगळी बचत एका फटक्यात जाते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवावी लागते, आणि कळवा नाक्यावर कसली पळतेय. इलेक्ट्रिक आवडली होती, पण आमच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट नाही आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय काढण्याएवढं आयुष्य माझ्याकडे उरलेलं नाही.

पाच हजारांची वॅगनार

हा हिशेब मी केला तो टोकन देऊन झाल्यावर. आधी केला असता तर पुढचं घडलंच नसतं.

एका डीलरकडे सीएनजी वॅगनार बघितली. गाडी धुऊन-पुसून चकाचक, डॅशबोर्डला पॉलिश, आत परफ्यूमचा भपका. "मॅडम, संध्याकाळी एक पार्टी येतेय, तुम्ही टोकन टाकून जा." टाकलं पाच हजार. पावती मिळाली, तिच्यावर फक्त रक्कम आणि गाडीचा नंबर. घरी येऊन एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर फायनान्सच्या रकान्यात एका फायनान्स कंपनीचं नाव तसंच होतं. फोन केला. "लोन कधीच फिटलंय मॅडम, फक्त कागद यायचाय." तो कागद दोन आठवडे येतच राहिला. मग आमचे मेकॅनिक गाडी बघायला गेले. त्यांनी डिकी उघडून सिलिंडरवरची पट्टी वाचली: हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडर दाब सहन करतो का त्या तपासणीची, मुदत सात महिन्यांपूर्वीच संपलेली. "ताई, ही पंपावर गेली तर गॅस भरायचे नाहीत." आम्ही नको म्हटलं. टोकन परत मागितलं तर "ऑफिस चार्जेस" म्हणून हात झटकले.

म्हणून टोकन देताना पावतीवरच लिहून घ्या: "लोन, दंडाचं चलन किंवा कागदपत्रांत अडचण निघाल्यास पूर्ण रक्कम परत." लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडे संध्याकाळी येणारी ती पार्टी खुशाल येऊ दे.

सीएनजी घेणार असाल तर ही चार कामं न चुकता करा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख पट्टीवर असते, ती स्वतः वाचा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंधनाच्या जागी "पेट्रोल/सीएनजी" आहे ना बघा. बाहेरून किट बसवलेलं असेल आणि आरसीवर नुसतं पेट्रोल असेल तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो. गाडी पेट्रोलवरही दहा मिनिटं चालवा. वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाड्यांचे पेट्रोलचे इंजेक्टर चोक झालेले असतात आणि ते विकणारा आपण होऊन सांगत नाही. शेवटचं, घराजवळच्या सीएनजी पंपावर सकाळी नऊला आणि रात्री नऊला एकेकदा रांग बघून या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पंप बंद पडून रिक्षांच्या रांगा कुठल्या कुठे गेल्या होत्या. तेव्हा पेट्रोलचे इंजेक्टर ज्यांचे धड होते ते लोक घरी पोचले.

कुठे शोधायची

ॲपवर भाव बघायचे. सगळ्या ॲपवर बघायचे, तीन-चार दिवस, एकाच मॉडेलचे, एकाच वर्षाचे, आणि वहीत उतरवायचे. तेवढ्याने बाजाराचा अंदाज येतो. ॲपवरच्या मोठ्या कंपन्यांकडून घेतली तर कागदपत्रांची डोकेदुखी कमी आणि थोडी वॉरंटी मिळते, पण त्याचे पैसे भावात धरलेले असतात. शिवाय २०२५ च्या जानेवारीपासून डीलरला त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो शेवटी आपल्याच खिशातून जातो. घरगुती माणसाकडून थेट घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

आता घरगुती माणूस शोधायचा कसा? सोसायट्यांमध्ये सकाळी बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणारे असतात ना, त्यांना विचारा. कुठली गाडी रोज निघते, कुठली पंधरा दिवस हलत नाही, कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कुणाला डोळ्याच्या ऑपरेशननंतर गाडी चालवायला मनाई झाली, सगळं त्यांना ठाऊक असतं. माझी नणंद नेरुळला राहते. तिच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलाने सांगितलं, "चौथ्या मजल्यावरच्या काकांची ब्रिओ आहे. महिन्यातून चारदा निघते. विकायचीय, पण कुणी घेत नाही." त्याला नंतर एक हजार रुपये दिले. एजंटच्या कमिशनपुढे ते काहीच नाहीत.

"कुणी घेत नाही" हेच मला हवं होतं. पेट्रोल चढलं की सीएनजी आणि छोट्या मारुतींचे भाव चढतात, आणि ज्यांना मागणी नाही त्या गाड्या तशाच पडून राहतात. होंडा ब्रिओ आपल्याकडे २०११ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत बंद झाली, म्हणून लोक घाबरतात. पण तिचं १.२ लिटरचं इंजिन अमेझमध्येही आहे, पार्ट मिळतात. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं, शेव्हरोलेने २०१७ अखेरीस विक्री थांबवली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण घेण्याआधी आपल्या मेकॅनिकला तीन पार्टांची नावं देऊन भाव काढायला सांगा: क्लच प्लेट, पुढचा शॉकॲब्सॉर्बर, हेडलाइट. दोन तासांत भाव आला तर गाडी बघा. "ऑर्डर देऊन मागवावं लागेल" असं ऐकलं तर पुढच्या गाडीकडे वळा.

दिल्ली पासिंगच्या गाड्याही स्वस्तात दाखवतात. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडे येतात. पण एनओसी, नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. मी त्या वाटेला गेले नाही.

वेळेचंही गणित असतं. वर्षअखेरीला डिसेंबरात भाव सैल होतात, कारण १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. दसरा-दिवाळीला लोक नवीन घेतात, मग जुन्या बाजारात येतात. आम्हाला मात्र वेगळाच मुहूर्त लाभला. ३ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालं की २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येणार आणि वरचा सेसही जाणार. नवीन गाडी स्वस्त होणार म्हटल्यावर जुनीला कोण विचारतो? त्यात पितृपक्ष लागलेला. एरवी दिवसाला दहा फोन येणाऱ्या विक्रेत्यांना एकही येत नव्हता. मी नेमकी त्या पंधरवड्यात नेरुळच्या काकांकडे गेले. आईने घर डोक्यावर घेतलं. "पितरांच्या दिवसांत गाडी?" शेवटी तोड निघाली: बोलणी पितृपक्षात, गाडी घरी घटस्थापनेला.

आजही कुणी जुन्या गाडीचा भाव सांगताना "नवीन किती लाखाला पडते माहितीय का?" म्हणाला, तर त्याला २२ सप्टेंबरनंतरचा भाव विचारा. बऱ्याच जणांच्या तोंडी अजून आधीचाच आकडा असतो.

काकांची वही

२०१५ ची ब्रिओ, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई पासिंग, फर्स्ट ओनर, ४८ हजार किलोमीटर. काका निवृत्त, पोर्ट ट्रस्टमधले. मागणी दोन लाख सत्तर हजार. मी विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देते?" ते काही न बोलता आत गेले आणि एक लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. पहिल्या दिवसापासून पेट्रोलची प्रत्येक नोंद: तारीख, मीटर, लिटर, रुपये. काही ओळींपुढे बारीक अक्षरात "कोल्हापूर", "सौ.चे डोळे", "पाऊस फार".

माझ्यासारख्या बाईला याहून चांगला सर्व्हिस रेकॉर्ड कुठे मिळणार? तिथेच सोफ्यावर बसून मोबाइलवर भागाकार केले. काकू चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. गावात १४-१५, कोल्हापूरच्या फेऱ्यांना साडेअठराच्या वर. पण शेवटच्या पाच-सहा नोंदी बघितल्या तर १२.९, १२.६, १२.८. मी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही हो."

सगळ्यांकडे अशी वही नसते. नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिस हिस्ट्री मागवा. तिच्यात दर वेळचं किलोमीटर असतं. २०२१ मध्ये ६१ हजार आणि आज मीटरवर ५४ हजार, असं दिसलं की मीटर मागे केलाय हे शाळकरी पोरालाही कळेल. आणि ॲव्हरेज खरंच मोजायचं असेल तर टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईपर्यंत, मग दीड-दोनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करा. डॅशबोर्डवरचा आकडा गाडी खूश करायला दाखवते.

पुढच्या रविवारी मेकॅनिकदादांना घेऊन गेले. आदल्या रात्री काकांना फोन केला होता, "सकाळी गाडी चालू करू नका." गरम इंजिन अर्धे रोग लपवतं. दादांनी आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला, जसा आपण पोराच्या कपाळावर ठेवतो. गार. मग चालू केली. मागे निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर आत पाणी जातंय. इथे दोन्ही नव्हतं. मग दादांनी बॉनेटचे, मडगार्डचे नटबोल्ट बघितले. पाना लागलेल्या बोल्टचा रंग कोपऱ्यावर उडालेला असतो. डावीकडच्या मडगार्डचे दोन बोल्ट तसे होते. काकांनी लगेच कबूल केलं, "बाजारात टेम्पोने ठोकलं होतं." पुढची मुख्य पट्टी सरळ होती, म्हणून दादा पुढे सरकले. दाराची रबरं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले. काचांवर कोपऱ्यात वर्षाचा छाप असतो, एकीवर वेगळं वर्ष असेल तर ती का बदलली ते विचारायचं.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं आपल्या भागात फार गरजेचं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दर पावसाळ्यात काय होतं ते रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखाली हात घालून बोल्ट चाचपा, स्टेपनीचा खड्डा उघडा, कार्पेट उचलून वास घ्या. आणि परफ्यूमचा भपका आला तर दुप्पट वेळ वास घ्या.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांना लावलेल्या आणि नंतर पिवळी पाटी काढून प्रायव्हेट केलेल्या गाड्याही बाजारात असतात. त्यांच्या मागच्या सीटचा स्पंज पुढच्यापेक्षा जास्त बसलेला असतो आणि मागच्या दारांचे हँडल घासलेले. घरच्या गाडीत मागे कोण एवढं बसतं?

टेस्ट ड्राइव्हला काका म्हणाले, "पाम बीचला चला, मस्त रोड आहे." दादा हसले. पाम बीच रोडवर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. आम्ही बेलापूरला पारसिक हिलचा चढ धरला, एसी पूर्ण चालू, दुसरा गिअर, आत चार माणसं. क्लच घसरत असेल तर इथे इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. ब्रिओ चढली, पण दादांनी मध्येच थांबवून चाकांजवळ हात नेला. मागचं उजवं चाक तापलं होतं. "ताई, ब्रेक चिकटतोय. उभी राहून राहून." १२.९ चं कारण ते होतं. ब्रेक लावलेल्या गाडीला आपण महिनोन्महिने पेट्रोल पाजत होतो, असं काका स्वतःच म्हणाले.

टायरवर चार आकडी छाप असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे २११८ होतं, म्हणजे २०१८ चा एकविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक झालेलं. चारही बदलायचे.

मी वहीत लिहिलं आणि काकांपुढे ठेवलं: टायर १८,५००, बॅटरी ४,८००, ब्रेक ३,२००, सर्व्हिस ५,५००. बेरीज ३२ हजार. घासाघीस अशी केली की समोरच्याचा अपमान होत नाही. सौदा २ लाख ३८ हजारांवर झाला.

आणि हो, पेट्रोलचंच बोलतोय तर: आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. गाडी त्याआधीची असेल तर ॲव्हरेज थोडं कमी येणार हे धरूनच चाला, आणि मेकॅनिकला पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघायला सांगा.

कागद

इथे घाई करू नका. नंबर टाकून ॲपवर बघायचं: कितवा मालक, लोन, इन्शुरन्सची मुदत, पीयूसी. चलनं वेगळी बघायची. काकांच्या नावावर एक होतं, सिग्नलचं, त्यांना पत्ताच नव्हता. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि लोनचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. एमएच ४३ ची गाडी ठाण्यात आणली म्हणून नंबर बदलावा लागत नाही.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट, बसवलीय का बघा. ती नसेल तर आरटीओत काम अडतं. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. आम्ही काकांच्याच नावावर बुक करून बसवून घेतली, मग ट्रान्सफरला टाकली.

इन्शुरन्समध्ये एजंट हमखास सांगतात, "नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल." मिळत नाही. क्लेम न केल्याबद्दलची ती सूट माणसाची असते, गाडीची नाही. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. आणि बारीक हिशेब करणाऱ्यांसाठी: थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, वर्षाचा हप्ता तेव्हा १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६. ब्रिओ ११९८ सीसीची, म्हणजे वॅगनारच्या एक लिटर इंजिनापेक्षा वर्षाला १,३२२ रुपये जास्त, वर जीएसटी. हेही मी वहीत धरलं होतं. नवऱ्याने तेव्हा कपाळाला हात लावला.

पैसे बँकेतूनच द्या. आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. आमच्यावर लिहिलंय: २२ सप्टेंबर २०२५, सकाळी ११.४०. त्याच्या आधीचं चलन काकांचं, नंतरचं माझं.

एकूण खर्च गाडी, टायर, बॅटरी, ब्रेक, सर्व्हिस, नंबर प्लेट आणि ७,४०० चा इन्शुरन्स धरून २,७८,२७९. पावणेतीनच्या पुढे सव्वातीन हजार गेले. म्हणून सांगते, बजेट अडीच असेल तर गाडी सव्वादोनची शोधा, उरलेले तिच्या अंगावर घालावे लागतात.

घटस्थापनेला आईने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या सीटवर बसून "बसायला उंच नाही ते बरं झालं" एवढंच म्हणाली. काकांनी निघताना निळी वही माझ्या हातात दिली. तिच्यात आता माझ्या अक्षरातल्या ओळी आहेत. ब्रेक मोकळा झाल्यापासून गावात १४.६ येतंय. काकांचा महिन्याला एक फोन असतो, तब्येत विचारून झाली की आवाज जरा खाली आणून विचारतात, "किती देते?"